सगळी एक्स्टेंशन्स एकदम बंद पडली? आधी काहीही काढून टाकू नका

ओळखीतल्या माणसांचे ब्राउझर दुरुस्त करताना हा बिघाड मी इतक्या वेळा पाहिलाय, की फोनवरचं पहिलं वाक्य ऐकूनच अंदाज येतो. ‘काल रात्रीपर्यंत सगळं नीट होतं, मी कशालाच हात लावला नाही.’ आणि ते बहुतेक वेळा खरंच असतं. या बिघाडाचं वैशिष्ट्य हेच, की कोणी काही न करताच तो होतो.

पुढचं बहुतेक सगळं फायरफॉक्सबद्दल आहे, कारण सर्टिफिकेटची, म्हणजे खरेपणाच्या डिजिटल दाखल्याची, मुदत संपल्यामुळे एक्स्टेंशन्स (ब्राउझरला जोडलेली छोटी सॉफ्टवेअरं) बंद पडण्याचा प्रकार मुख्यतः तिथे घडलाय. क्रोम वापरणाऱ्यांसाठी शेवटाकडे थोडं लिहिलंय. ‘अबाउट’ने सुरू होणारे पत्ते मी देवनागरीत दिलेत. ॲड्रेस बारमध्ये मात्र ते इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टाइप करा.

लक्षणं

ब्राउझर उघडल्यावर वर उजवीकडची नेहमीची चिन्हं दिसत नाहीत. ज्या साइटवर वर्षानुवर्षं जाहिरात दिसली नव्हती तिथे जाहिराती नाचू लागतात. पासवर्ड मॅनेजर लॉगिनचे चौकोन भरत नाही. वरच्या बाजूला एक पट्टी येते. एक किंवा अधिक ॲड-ऑनची (एक्स्टेंशन, थीम अशा जोडण्यांची) पडताळणी होऊ शकली नाही म्हणून ती बंद केली आहेत, अशा अर्थाचं काहीतरी तिच्यावर लिहिलेलं असतं. ॲड-ऑनच्या पानावर गेलात तर प्रत्येक नावाखाली तीच तक्रार दिसते आणि चालू करायचं बटण दाबून काही होत नाही. काही जण मग तेच एक्स्टेंशन पुन्हा इन्स्टॉल करायला जातात. तेव्हा ‘डाउनलोड झालं नाही’ किंवा ‘फाइल खराब आहे’ असा निरोप येतो आणि माणूस इंटरनेटला दोष देत बसतो.

दोन लक्षणं लोकांच्या ध्यानात येत नाहीत. ब्राउझरची सजावट, म्हणजे थीम, अचानक मूळ रूपात जाते. आणि भाषेचा पॅक जोडून मराठीत चालवलेला फायरफॉक्स एकदम इंग्रजी बोलू लागतो. थीम आणि भाषेचे पॅक यांच्यावरही एक्स्टेंशनसारखीच सही असते, त्यामुळे सही नापास झाली की तेही त्याच रांगेत बाहेर पडतात. मला तर भाषा बदलली हे ऐकलं की हायसं वाटतं. एखाद्या एक्स्टेंशनच्या दोषाने ब्राउझरची भाषा बदलत नाही, म्हणजे बिघाड वरच्या पातळीवर आहे हे तिथेच ठरतं.

मुळात होतं काय

फायरफॉक्सचं प्रत्येक एक्स्टेंशन म्हणजे एक झिप फाइल असते आणि तिच्या आत मोझिलाची, म्हणजे फायरफॉक्स बनवणाऱ्यांची, डिजिटल सही असते. नेहमीच्या फायरफॉक्समध्ये २०१६ सालच्या ४८व्या आवृत्तीपासून ही सही सक्तीची आहे. सही नसेल तर एक्स्टेंशन चालत नाही आणि ही सक्ती सेटिंगमधून उठवताही येत नाही. हेतू चांगला आहे. कोणीतरी गुपचूप घुसवलेलं चोरटं एक्स्टेंशन चालू नये, एवढाच.

ही सही तीन कड्यांच्या साखळीवर लटकलेली असते. तळाशी त्या एका एक्स्टेंशनचं सर्टिफिकेट, त्यावर मधलं सर्टिफिकेट आणि सर्वात वर मूळ सर्टिफिकेट. मूळ सर्टिफिकेटची किल्ली फार जपून, नेटवर्कपासून दूर ठेवलेली असते. रोजच्या सह्या मधल्याच्या जिवावर होतात. प्रत्येक सर्टिफिकेटवर ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ असं लिहिलेलं असतं आणि फायरफॉक्स साधारण दर चोवीस तासांनी बसवलेल्या ॲड-ऑनच्या सह्या पुन्हा तपासतो. त्यामुळे एक्स्टेंशन तेच, ब्राउझर तोच, तरी एका ठरलेल्या क्षणानंतर शिक्का शिळा ठरतो आणि पुढच्या तपासणीत सगळी एक्स्टेंशन्स एका झटक्यात बंद होतात.

३ मे २०१९ च्या रात्री, जागतिक वेळेनुसार ४ मेच्या पहाटे, नेमकं हेच झालं. मधल्या सर्टिफिकेटची मुदत संपली आणि जगभरच्या फायरफॉक्समधली एक्स्टेंशन्स बंद पडू लागली. तपासणीची वेळ प्रत्येकाच्या संगणकावर वेगळी, त्यामुळे कोणाचं लगेच बंद पडलं, तर कोणाचं कित्येक तासांनी. ओळख लपवून नेट वापरण्यासाठीचा टॉर ब्राउझरही फायरफॉक्सवरच उभा असल्यामुळे त्यातलं नोस्क्रिप्ट हे स्क्रिप्ट अडवणारं एक्स्टेंशनसुद्धा बंद झालं. म्हणजे ज्यांना संरक्षणाची सर्वाधिक गरज, त्यांचंच कवच सुरक्षेच्या तपासणीने काढून घेतलं. कुंपणानेच शेत खाल्लं.

मोझिलाने नंतर दिलेला खुलासा मला फार आवडतो, कारण तो माणसांसारखा आहे. मुदत संपतेय हे सह्या करणाऱ्या गटाला माहीत होतं, पण फायरफॉक्स तारखेकडे बघतच नाही असा त्यांचा समज होता. समज अगदीच निराधार नव्हता. आधीच्या एका घोटाळ्यानंतर तळाच्या सर्टिफिकेटची तारीख दुर्लक्षित करायची सोय केलेली होती. मधल्या कडीची तारीख मात्र तपासली जात होती.

दुसरा प्रसंग १४ मार्च २०२५ चा. त्या दिवशी मूळ सर्टिफिकेटचीच मुदत संपली. या वेळी मोझिलाने आधीपासून सांगून ठेवलं होतं की फायरफॉक्स १२८ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या, आणि जुन्या सिस्टिमवर असाल तर दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या ईएसआर शाखेतली किमान ११५.१३ घ्या. ज्यांनी अपडेट बंद करून ठेवले होते त्यांना याचा फटका बसतो, आणि तो एक्स्टेंशनपुरता राहत नाही. कॉपी-संरक्षण असलेले व्हिडिओसुद्धा चालेनासे होऊ शकतात. हल्ली माझ्याकडे येणारी बहुतेक प्रकरणं याच जातीची असतात. ब्राउझर जुना असतो आणि अपडेटची आठवण दर वेळी ‘नंतर’ म्हणून टाळलेली असते.

हात लावण्याआधी एक गोष्ट

बंद झालेलं एक्स्टेंशन आणि काढून टाकलेलं एक्स्टेंशन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बंद एक्स्टेंशनची माहिती प्रोफाइलमध्ये, म्हणजे ब्राउझर तुमची सगळी माहिती ठेवतो त्या फोल्डरमध्ये, जशीच्या तशी पडून असते. सही पास झाली की ते जिथे थांबलं होतं तिथून चालू होतं. ‘काढून टाका’ दाबलंत की मात्र त्याने जमवलेला साठा, म्हणजे टिपणं, नियम, जतन केलेले टॅबचे गट, सेटिंग असं सगळं सोबत जातं.

माझ्या एका मित्राने टॅब जतन करणारं एक्स्टेंशन काढून पुन्हा घालायचा प्रयत्न केला. पुन्हा घालता आलं नाही, कारण नव्या इन्स्टॉललाही तीच सही आडवी आली. संध्याकाळी दुरुस्ती झाली तेव्हा एक्स्टेंशन आलं, पण रिकामं. कित्येक महिन्यांचे दुवे गेले. मी तिथे पोचलो तेव्हा करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, तसा हा प्रकार आहे. एक्स्टेंशनमध्ये दोष नसताना शिक्षा त्यालाच होते.

फायरफॉक्स ताजा करणारं ‘रिफ्रेश’चं बटणही याच कारणासाठी दाबू नका. ते बुकमार्क आणि पासवर्ड राखतं, पण एक्स्टेंशन्स आणि त्यांची माहिती काढून टाकतं. नेटवरच्या अर्ध्या सल्ल्यांत हे बटण पहिल्या क्रमांकावर असतं. माझ्या यादीत ते नाहीच.

तपासणी १: सगळी बंद आहेत की एकच?

अबाउट:ॲडऑन्स उघडा आणि नीट वाचा, घाईने नको. यातून पुढची वाट ठरते.

सगळ्यांवर पडताळणीची तक्रार असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. एकाच एक्स्टेंशनवर असेल, तर त्याची फाइल खराब झालेली असू शकते किंवा ते कुठूनतरी बाहेरून, सहीविना आलेलं असू शकतं. एकावरच ‘नियमभंग’ किंवा ‘सुरक्षेला धोका’ असा निरोप असेल तर मोझिलाने ते मुद्दाम रोखलंय. तिथे सर्टिफिकेटचा काही संबंध नाही आणि ते जबरदस्तीने चालू करण्याच्या भानगडीत पडू नका.

कुठेच तक्रार नाही, तरीही एक्स्टेंशन्स काम करत नाहीत? मग तुम्ही खाजगी विंडोत आहात का बघा. तिथे प्रत्येक एक्स्टेंशनला वेगळी परवानगी द्यावी लागते. किंवा ब्राउझर ट्रबलशूट मोडमध्ये उघडलाय का बघा, कारण त्यात सगळी एक्स्टेंशन्स मुद्दामच झोपवलेली असतात. या दोन साध्या कारणांसाठीही मला फोन आलेत आणि दोन्ही वेळा फोन करणाऱ्याची खात्री होती की ब्राउझर हॅक झालाय.

तपासणी २: घड्याळ

पैसे लागत नाहीत, अर्धा मिनिट पुरतो, आणि तरीही लोक हे सर्वात शेवटी बघतात. तारीख, महिना आणि मुख्य म्हणजे साल बघा. वेळ बरोबर दिसते म्हणून साल बरोबर असेलच असं नाही. कोपऱ्यातल्या घड्याळात पुष्कळदा साल दिसतच नाही.

याचं महत्त्व असं, की सर्टिफिकेटची मुदत संपली की नाही हे फायरफॉक्स तुमच्याच संगणकाच्या घड्याळाला विचारून ठरवतो. घड्याळ दहा वर्षं पुढे गेलं तर आजचं ताजं सर्टिफिकेटही शिळं ठरतं. दहा वर्षं मागे गेलं तर ते ‘अजून लागूच झालेलं नाही’ म्हणून नापास होतं.

घड्याळच चुकलंय हे ओळखायची सोपी खूण म्हणजे एक्स्टेंशनबरोबर साध्या वेबसाइटही सुरक्षेच्या इशाऱ्यामागे अडकतात, कारण त्यांची सर्टिफिकेटंही त्याच घड्याळावर तपासली जातात. साइट ठणठणीत उघडतायत आणि फक्त एक्स्टेंशन्स बंद आहेत, तर घड्याळावरचा संशय जवळजवळ सोडून द्या.

घड्याळ चुकलेलं असेल तर ‘वेळ आपोआप घ्या’ हा पर्याय चालू करा, टाइम झोन तपासा आणि ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा. संगणक बंद करून चालू केल्यावर साल पुन्हा मागे गेलं तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलाय. बहुतेक डेस्कटॉपमध्ये तो सीआर २०३२ नावाचा असतो, स्वस्तात मिळतो आणि वीजजोडणी काढून कोणालाही बदलता येतो. लॅपटॉपमध्ये तो आत खोल, कधी वायरने जोडलेला असतो. तिथे स्क्रू उघडण्यापेक्षा दुरुस्तीवाल्याकडे द्या.

आता उलटी युक्ती. मुदत संपली ना, मग घड्याळच मागे करू, असं २०१९ मध्ये कित्येकांनी केलं. एक्स्टेंशन्स चालू होतातही. पण नव्या सर्टिफिकेटच्या साइट उघडेनाशा होतात, लॉगिनसाठी लागणारे दर तीस सेकंदांनी बदलणारे कोड चुकू लागतात आणि फायलींवर खोट्या तारखा पडतात. घड्याळ बरोबर केलं की बिघाड परत हजर. हे करू नका.

तपासणी ३: आवृत्ती

मेनूतल्या मदत विभागात ‘फायरफॉक्सबद्दल’ उघडा. आवृत्तीचा आकडा दिसेल, आणि ती खिडकी उघडताच ब्राउझर आपणहून अपडेट शोधू लागेल. आकडा १२८ पेक्षा लहान असेल, आणि तुम्ही ११५ च्या ईएसआर शाखेतल्या ११५.१३ किंवा त्यापुढच्या आवृत्तीवर नसाल, तर दुसरं कारण शोधत बसू नका. नवं मूळ सर्टिफिकेट ब्राउझरच्या आतच असतं. ते मिळवायचा सरळ मार्ग म्हणजे नवा ब्राउझर. अपडेट उतरलं की रीस्टार्ट करा आणि दोन-चार मिनिटं थांबा. एक्स्टेंशन्स सहसा स्वतःहून परत येतात. एखादं आलं नाही तर ॲड-ऑनच्या पानावरून अपडेट तपासा. तेव्हाही काढून टाकू नका.

फोनवरचा अँड्रॉइड फायरफॉक्सही यात येतो, तिथे ॲप स्टोअरमधून अपडेट करा. २०२५ च्या मुदतीचा आयफोन आणि आयपॅडवर परिणाम होत नाही.

लिनक्सवर ‘फायरफॉक्सबद्दल’च्या खिडकीत अपडेटचं बटण बहुधा नसतं, कारण तिथे ब्राउझर वितरणाच्या पॅकेज व्यवस्थेतून येतो. सिस्टिम अपडेट करा. आणि वितरणच आधार संपलेलं असेल तर खरा प्रश्न तो आहे.

इथे माझा सर्वाधिक वेळ खाणारा प्रकार म्हणजे एकाच संगणकावर दोन फायरफॉक्स. माणूस शपथेवर सांगतो की काल अपडेट केलंय. केलेलंही असतं. पण टास्कबारवरचं चिन्ह चार वर्षांपूर्वी दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकलेल्या प्रतीकडे बोट दाखवत असतं. अबाउट:सपोर्ट उघडा. तिथे आवृत्ती दिसते, चालू असलेली फाइल नेमकी कुठली आहे तेही दिसतं आणि प्रोफाइलचं फोल्डरही दिसतं. एकदा मी पाऊण तास सर्टिफिकेटच्या साखळीवर डोकं फोडत होतो आणि शेवटी दोष निघाला डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटचा. तेव्हापासून हे पान आधी उघडतो.

तपासणी ४: हा सगळ्यांचाच बिघाड आहे का?

घड्याळ बरोबर, आवृत्ती ताजी, तरी सगळी एक्स्टेंशन्स बंद. अशा वेळी दुसऱ्या संगणकावर किंवा दुसऱ्या कोणाकडे तोच ब्राउझर उघडून बघा आणि मोझिलाच्या मदत पानांवर सूचना आहे का ते पाहा. सगळीकडे तीच बोंब असेल तर तुमच्या हातातलं सर्वात चांगलं काम म्हणजे थांबणं. खरंच.

२०१९ मध्ये पहिली दुरुस्ती ‘स्टडीज’ नावाच्या यंत्रणेतून पाठवली गेली. एरवी ती छोटे प्रयोग पोचवण्यासाठी असते आणि ब्राउझर दर सहा तासांनी तिथे नवं काही आलंय का बघतो. तिच्यातून नवं मधलं सर्टिफिकेट पोचवलं गेलं. नाव तेच, किल्ली तीच, तारीख नवी. त्यामुळे हजारो एक्स्टेंशनवर पुन्हा सह्या कराव्या लागल्या नाहीत. पाठोपाठ ६६.०.४ ही आवृत्ती आली आणि मास्टर पासवर्ड (जतन केलेल्या पासवर्डांवरचं एकच कुलूप) ठेवलेल्यांची अडचण उरली होती म्हणून ६६.०.५. ज्यांनी तेवढा वेळ कळ काढली त्यांचं बहुतेकांचं काहीच गेलं नाही. ज्यांनी त्या दोन दिवसांत प्रोफाइल बदलली, एक्स्टेंशन्स काढली, ब्राउझर उडवला, ते नंतर निस्तरत बसले.

त्या काळातला ‘स्टडीज चालू करा’ हा सल्ला अजून नेटवर फिरतो. आजच्या जुन्या आवृत्तीच्या बिघाडावर तो उपाय नाही. तिथे अपडेटच लागतं.

वाट बघायच्या काळात जाहिरात रोखणारं आणि स्क्रिप्ट अडवणारं एक्स्टेंशन बंद आहे हे लक्षात ठेवून वागा. अनोळखी साइट, बँकेचं काम दुसऱ्या ब्राउझरवर न्या. पासवर्ड मॅनेजरचं वेगळं ॲप किंवा वेबसाइट असेल तर पासवर्ड तिथे सुरक्षित असतात. एक्स्टेंशन ही त्याची फक्त खिडकी.

तपासणी ५: अपडेट उतरतच नाही

ब्राउझर अपडेट शोधतो आणि अडकतो, किंवा चूक दाखवतो. इथे अँटिव्हायरस, प्रॉक्सी आणि व्हीपीएन हे तीन संशयित. काही अँटिव्हायरस सुरक्षित जोडणीच्या मध्ये उभे राहून आत डोकावतात आणि स्वतःचं सर्टिफिकेट पुढे करतात. अपडेटच्या यंत्रणेला ते कधी कधी रुचत नाही. व्हीपीएन बंद करून बघा. शक्य असेल तर दुसऱ्या नेटवर्कवरून, फोनच्या हॉटस्पॉटवरून बघा. तिथे चाललं तर दोष नेटवर्कचा, ब्राउझरचा नाही. अँटिव्हायरसमधली जोडणी तपासायची तेवढीच सोय तात्पुरती बंद करून बघता येते. अख्खा अँटिव्हायरस उडवू नका.

तेही नाही जमलं तर पूर्ण इन्स्टॉलर मोझिलाच्या अधिकृत साइटवरून उतरवा आणि आहे त्यावरच चालवा. आधी जुना काढायची गरज नाही, कारण प्रोफाइल वेगळ्या फोल्डरमध्ये असते आणि नव्या आवृत्तीला तीच सापडते. शोधयंत्रात पहिल्यांदा दिसलेल्या जाहिरातीवरून किंवा ‘तुमचा ब्राउझर जुना झालाय’ म्हणणाऱ्या पॉपअपवरून काहीही घेऊ नका. ॲड-ब्लॉकर बंद असतानाच असे सापळे जास्त दिसतात, हा या बिघाडाचा आणखी एक जाच.

उलट दिशेने, म्हणजे जुन्या आवृत्तीकडे, जाऊ नका. नव्या आवृत्तीने वापरलेली प्रोफाइल जुना फायरफॉक्स उघडत नाही, नवी कोरी प्रोफाइल बनवायला सांगतो. मग बुकमार्कसकट सगळं गेल्यासारखं दिसतं. गेलेलं नसतं, पण ते समजेपर्यंत धाबं दणाणतं.

तपासणी ६: प्रोफाइलमधली नोंदवही

इथून पुढे बॅकअपशिवाय पाऊल टाकायचं नाही. अबाउट:सपोर्टमधून प्रोफाइलचं फोल्डर उघडा, फायरफॉक्स पूर्ण बंद करा आणि ते अख्खं फोल्डर दुसरीकडे कॉपी करा. ब्राउझर चालू असताना केलेली प्रत अर्धवट निघू शकते.

मग त्या फोल्डरमधल्या ‘एक्स्टेंशन्स.जेसन’ या फाइलचं नाव बदला, समजा पुढे ‘जुनी’ जोडा, आणि ब्राउझर उघडा. ही फाइल म्हणजे बसवलेल्या ॲड-ऑनची नोंदवही. कोण चालू, कोण बंद, कोणाची सही कशी, हे तिच्यात लिहिलेलं असतं. तिच्यात कधी जुनाच शेरा चिकटून राहतो. ती सापडली नाही की फायरफॉक्स फोल्डरमधली एक्स्टेंशन्स पुन्हा मोजून नवी वही लिहितो. एक्स्टेंशनचा स्वतःचा साठा वेगळ्या जागी असतो, त्याला धक्का लागत नाही. काही एक्स्टेंशन्स हाताने चालू करावी लागतील.

फरक पडला नाही तर अबाउट:प्रोफाइल्समधून एक नवी प्रोफाइल बनवा आणि तिच्यात एकच एक्स्टेंशन घालून बघा. तिथे चाललं तर दोष जुन्या प्रोफाइलमध्ये आहे. तिथेही नाही चाललं तर प्रोफाइल निर्दोष, पुन्हा घड्याळ-आवृत्ती-नेटवर्ककडे जा. ही चाचणी आहे, स्थलांतर नव्हे. जुनी प्रोफाइल डिलीट करू नका.

सही तपासणंच बंद केलं तर?

अबाउट:कॉन्फिगमध्ये ‘एक्सपीइन्स्टॉल.सिग्नेचर्स.रिक्वायर्ड’ नावाची सेटिंग आहे. ती ‘फॉल्स’ करा, हा सल्ला तुम्हाला कुठेतरी भेटेलच. नेहमीच्या फायरफॉक्समध्ये ती बदलून काहीही होत नाही. ईएसआर, आणि डेव्हलपर एडिशन व नाइटली या चाचणीच्या आवृत्त्या, यांतच ती चालते. चालते तिथेही तिचा अर्थ असा, की दार उघडं टाकून पहारेकरी सुट्टीवर पाठवला. तातडीचं काम अडलंय म्हणून तासाभरापुरती वापरलीत तर समजू शकतो, पण मी पाहिलेल्या संगणकांवर हा तासाभराचा उपाय सहसा वर्षानुवर्षं तसाच राहिलेला असतो. केलीत तर एका कागदावर लिहून पडद्याला चिकटवा.

क्रोम वापरत असाल तर

क्रोम आणि त्याच्या जातीच्या ब्राउझरमध्ये एक्स्टेंशन्स अचानक बंद झाली तर सर्टिफिकेटच्या मागे लागू नका. तिथे अलीकडे मोठ्या प्रमाणावर घडलेलं कारण वेगळं आहे. गुगलने एक्स्टेंशन बांधायची मॅनिफेस्ट व्ही२ ही जुनी रचना २०२४ पासून टप्प्याटप्प्याने बंद केली. निरोपात ‘आता आधार नाही’ अशा अर्थाचे शब्द असतील. ब्राउझर अपडेट करून ते परत येत नाही. त्याच एक्स्टेंशनची व्ही३ आवृत्ती किंवा पर्याय शोधावा लागतो. काढून टाकण्यापूर्वी सेटिंग निर्यात करता येतात का, तेवढं बघा.

कुठे थांबायचं

मेनूत ‘तुमचा ब्राउझर संस्थेकडून व्यवस्थापित होतो’ असं दिसलं तर तिथेच थांबा. अपडेट कधी करायचं, कुठलं एक्स्टेंशन चालू द्यायचं हे तिथे धोरणाने ठरतं. तुम्ही केलेला बदल टिकणार नाही आणि वर जाब द्यावा लागेल. आयटी विभागाला आवृत्तीचा आकडा आणि निरोपाचा स्क्रीनशॉट पाठवा, काम लवकर होतं.

विंडोज ७, ८, ८.१ किंवा मॅकओएस १०.१२ ते १०.१४ वर असाल तर ईएसआर ११५ ही शेवटची शाखा. तिच्यातली सर्वात ताजी आवृत्ती घ्या, त्यापुढे जायला सिस्टिमच बदलावी लागेल. एक्सपी आणि व्हिस्टाचा प्रवास तर ५२ च्या शाखेतच संपला. तिथे सर्टिफिकेट हाताने घुसवण्याचे उद्योग मला कोणी विचारले तर मी नाही म्हणतो.

न घातलेली एक्स्टेंशन्स पुन्हा पुन्हा उगवत असतील, मुख्य पान आपोआप बदलत असेल किंवा अँटिव्हायरस चालूच होत नसेल, तर हा मुदतीचा बिघाड नाही, संसर्ग आहे. नेट तोडा आणि जाणकाराला बोलवा. बंद एक्स्टेंशनमध्ये अशी माहिती अडकली असेल जिची दुसरी प्रत कुठेच नाही, आणि प्रोफाइल कॉपी करताना डिस्क वाचण्याच्या चुका येत असतील, तर संगणक बंद करून डेटा परत मिळवणाऱ्याकडे न्या. पुन्हा पुन्हा चालू करून बघण्याने अशी डिस्क आणखी बिघडते.

दुरुस्तीवाल्याला फोन करताना चार गोष्टी हाताशी ठेवा: ब्राउझरची आवृत्ती, सिस्टिमची आवृत्ती, संगणकावरची तारीख सालासकट, आणि निरोप शब्दशः. ‘काहीतरी एरर येतोय’ एवढ्यावर मलाही पहिली वीस मिनिटं हेच विचारण्यात घालवावी लागतात.